फुगवटा वजा जाता

संस्थेतून फोन आला तेव्हा डॉ. सुलभा वैरागडे यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोण गेलं?"

निवृत्त प्राध्यापकाची संस्थेला आठवण होते ती शोकसभेच्या वेळी, नाही तर कुणाच्या भाच्याचा प्रवेश अडला की, असा त्यांचा अनुभव होता. पलीकडून संचालक डॉ. निशिकांत धोटे यांचा कोरडा आवाज आला.

"गेलं तर आहेच कुणीतरी, मॅडम. पण शोकसभा नाही. चौकशी आहे."

निशिकांत धोटे म्हणजे सुलभाताईंचा पहिला पीएच.डी.चा विद्यार्थी. वणीहून नागपूरला आला तेव्हा अंगावर मोठ्या भावाचा सदरा होता आणि ग्रंथालयात मासिकाआड डबा लपवून खायचा. आता तो नागपूरच्या संघटन आणि पुरवठाशास्त्र संस्थेचा संचालक होता. 'तोल' या यंत्रणेचा जनक म्हणून त्याचं नाव देशभर झालं होतं. 'तोल'च्या उद्‌घाटनाच्या आठवड्यात सुलभाताईंनी त्याच्यावर एक तिखट लेख लिहिला, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

प्रकरण थोडक्यात असं. कोसमटोला ग्रामीण रुग्णालयात ऐन भातरोवणीच्या दिवसांत सापाच्या विषावरची लस कमी पडली. बांधीत धान रोवणाऱ्या एका बाईला घोणस चावली. रुग्णालयात होत्या तेवढ्या कुप्या दिल्या, पण त्या निम्म्यालाही पुरल्या नाहीत. जिल्ह्याच्या गावी नेताना ती वाटेतच गेली. औषधनिर्माण अधिकारी प्रणाली नैताम हिनं लस मागवतानाच कमी मागवली, असं कागदावर दिसत होतं. ती निलंबित झाली होती. समितीनं दोष तिचाच ठरवला तर नोकरी जाणार होती आणि वर फौजदारी खटला होता.

"समितीत मी आहे, आरोग्य खात्याचे एक उपसंचालक आहेत," धोटे म्हणाला. "तिसरी सही तुमची हवी. मूळ सिद्धान्त तुमचा, हे वर्तमानपत्रवाल्यांना आठवलंय."

"म्हणजे तुला मी नको, माझी सही हवी."

"मॅडम, तुम्ही अजून तशाच आहात," धोटे म्हणाला. कौतुक नव्हतं ते.

सुलभाताईंचा सिद्धान्त समजायला सोपा होता. वर्गात त्या लग्नाच्या पंगतीपासून सुरुवात करत. मुलीचा बाप घरी मोजतो अडीचशे पानं. फजिती नको म्हणून आचाऱ्याला सांगतो तीनशे. आचारी मनात म्हणतो, माणूस चिकट दिसतो, कमीच सांगत असेल. तो यादी काढतो साडेतीनशेची. वाणी ती यादी बघून ठोकवाल्याकडे आणखी चार पोती जास्त नोंदवतो. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणाच असतो. तरी लग्नघर आठ दिवस शिळी बुंदी खातं, आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या दुसऱ्या लग्नाला बेसन मिळत नाही. "आसूड धरलेलं मनगट जरासं हलवा," त्या म्हणत, "टोकाला कडाका उडतो. आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण मनगटवाल्याला तो आपला वाटत नाही."

सरकारी कचेऱ्यांत हीच गोष्ट आणखी पक्की झालेली होती. दहा हवेत तर पंधरा लिहायचे, कारण वरचा साहेब कापतोच. साहेबही कापायचा, कारण खालचा फुगवतोच. नव्वदच्या दशकात सुलभाताई एसटीनं जिल्ह्याजिल्ह्यातली औषधांची गोदामं पालथी घालत हिंडल्या. मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यांवर बसून कारकून चहा पिताना त्यांनी पाहिले, आणि तीस मैलांवरच्या दवाखान्यात तेच औषध नाही म्हणून परतवलेली माणसंही पाहिली. कोणी किती मागितलं आणि खरोखर किती वापरलं, हे त्या मांडत गेल्या. त्यातून एक नवल हाती आलं. माणसाचा फुगवटा त्याच्या चालीसारखा असतो. सव्वापट मागणारा दरवेळी सव्वापटच मागतो, मग सलाईन असो की झाडू. म्हणजे कोण किती फुगवतो हे कळलं, की तेवढं वजा करून खरी गरज काढता येते.

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी एक बजावणीही लिहिली होती. फुगवटा हा काही जन्मखूण नव्हे. माणूस सुधारतो, नाही तर बिघडतो. म्हणून हिशेब करताना जुन्या नोंदींचं वजन वर्षागणिक कमी करत न्यावं. याला त्यांनी 'विसराचा दर' म्हटलं होतं. पण प्रबंधाचं शेवटचं प्रकरण परीक्षकसुद्धा वाचत नाहीत.

धोटेनं त्या सिद्धान्तातून 'तोल' उभा केला. राज्यातली प्रत्येक मागणी 'तोल' वाचे, मागणाऱ्याची मागची सगळी वर्षं ताडून बघे आणि फुगवटा कापून माल पाठवी. कुणाला आपला फुगवट्याचा गुणांक कळत नसे. कळला असता तर लोकांनी त्याप्रमाणे आकडे बदलले असते. पहिली काही वर्षं खरोखर सोन्यासारखी गेली. गोदामात औषध सडायचं थांबलं. मग 'तोल' पसरला. औषधांवरून पाठ्यपुस्तकांवर आला, पाण्याच्या टँकरवर आला, रजेच्या अर्जांवर आला. शेवटी तक्रारींवरही आला, कारण तक्रार हीसुद्धा एक मागणीच की. मूळ तक्रार संकेतस्थळावर पडून राही, आणि साहेबाच्या टेबलावर जाई तो 'तोल'नं काढलेला निव्वळ आशय. साहेब लोकांना हे फारच आवडलं.

चौकशीच्या दिवशी प्रणाली नैताम आली. पस्तिशीची, काटक, ओठ घट्ट मिटलेली.

"बसा," सुलभाताई म्हणाल्या.

"उभीच बरी."

धोटेनं सुरुवात केली. "या वर्षी तुम्ही लशीची मागणी कमी केलीत. मान्य?"

"हो."

"तुम्ही नोकरीला लागल्यापासून इतकी कमी मागणी कधीच नव्हती."

"नव्हती."

"मग रोवणीच्या तोंडावर कमी करायचं कारण?"

"कारण आधीच्या साऱ्या मागण्या खोट्या होत्या, सर."

इतका वेळ फोनमध्ये बुडालेल्या उपसंचालकांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आमच्या पहिलेच्या सरांनी शिकवलं होतं, लागते त्याच्या दीडपट लिहायचं, वरून कापतेतच. मी पण तसंच लिहीत गेली. मग हिवाळ्यात प्रशिक्षण झालं. पडद्यावर ह्या मॅडम होत्या." प्रणालीनं सुलभाताईंकडे हनुवटी केली. "म्हणाल्या, फुगवून मागणारा माणूस दुसऱ्या दवाखान्यातल्या पेशंटच्या तोंडचं औषध काढतो. खरं मागा. मले लाज वाटली. मी वर्षाचे केसपेपर काढून बसली आणि लागते तेवढीच लस मागितली. तर तुमच्या मशीननं त्याच्यातूनही कापली. त्याले वाटलं, ही बाई नेहमीसारखी फुगवूनच सांगून राहिली."

त्या प्रशिक्षणाची ध्वनिचित्रफीत सुलभाताईंनी निवृत्तीच्या वर्षी स्वखुशीनं करून दिली होती. त्यांना तिचा अभिमान होता.

"प्रणाली, त्यात मी..." त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"तुमचं ऐकून बाई मेली, मॅडम. लिहून घ्या. जसंच्या तसं लिहा."

"आरोप नकोत," धोटे म्हणाला. "'तोल' कापत नाही. 'तोल' निव्वळ गरज काढतो."

"मग त्या निव्वळ गरजेनं घोणशीचं विष उतरवून दाखवा ना, सर," असं म्हणून ती कुणी जा म्हणायच्या आत निघून गेली.

उपसंचालकांनी घड्याळ पाहून जेवणाची सुट्टी जाहीर केली. सुलभाताई तडक संचालकांच्या खोलीत शिरल्या. एकेकाळी ही खोली पुरवठाशास्त्र विभागाची होती. इथे एकाच पंख्याखाली सहा माणसं बसत, आणि वाद झाला की पंखा बंद करून भांडत. आता इथे थंड हवा होती, आणि धोटे.

"विसराचा दर कुठं गेला, निशिकांत?"

"काढला."

"का?"

"तो ठेवला की अंदाज चुकतात. माणसं बदलतात ही तुमची श्रद्धा होती, मॅडम. माझ्याकडे आकडे आहेत. हजारात एखादा बदलतो. त्या एकासाठी बाकीच्यांची औषधं पुन्हा गोदामात सडवू? तेव्हाही माणसं मरतच होती. फरक इतकाच की त्यांची चौकशी होत नव्हती."

हे खोटं नव्हतं. ती गोदामं तर सुलभाताईंनीच पाहिलेली.

"बरं. मग अहवालात एवढंच लिही की हिची मागणी खरी होती आणि 'तोल'नं ती खोटी धरली."

"असं लिहिलं तर उद्या राज्यातला प्रत्येक जण उठून म्हणेल, मीही बदललो."

"म्हणू दे की. तपासून बघ."

"तुम्ही बघितलं होतं?" धोटेचा आवाज एकाएकी चढला. "एम.फिल.ला असताना मी एका निबंधात कुणाचे तरी दोन परिच्छेद उचलले. एकदाच. त्यानंतर सहा वर्षं माझ्या प्रत्येक प्रकरणाच्या समासात तुम्ही लाल शाईनं लिहीत होतात, 'हे तुझंच ना?' तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा! न विसरणारं यंत्र बांधायला मला फार लांब जावं लागलं नाही, मॅडम. नमुना समोरच होता."

 ते दोन परिच्छेद सुलभाताईंना आजही शब्दशः आठवत होते. अडचण नेमकी तीच होती.

धोटे खुर्चीत मागे रेलला. "सही करा. तुमच्या नावाचं अध्यासन यंदा जाहीर होतंय. कशाला वाईटपणा?"

"नाही केली तर?"

"भिन्नमत टिपण लिहा. नियमात बसतं; तीन सह्या नसल्या की निर्णय सचिव घेतात. 'तोल' वाचेल." त्यानं काही ओळी टंकल्या आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. "तुम्ही आत्ता जे बोललात तेच घालून पाहिलं. सचिवांपर्यंत काय पोचेल ते वाचा."

पडद्यावर एकच ओळ होती : प्रशिक्षणाची भाषा अधिक सुबोध करावी, अशी एका सदस्याची सूचना आहे.

"हे माझं म्हणणं?"

"फुगवटा वजा जाता." धोटे हसला. "तुमचा तक्रारींचा इतिहास दांडगा आहे. विद्वत परिषदेत तीस वर्षं. बायकांचं स्वच्छतागृह, ग्रंथालयाची वेळ, प्यायचं पाणी, परीक्षकांचे भत्ते..."

"त्यातली एक तक्रार खोटी नव्हती!"

"नसेल. पण मान्य किती झाल्या? 'तोल' त्यावरून ठरवतो."

सुलभाताई उठल्या. जाताना त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा नीट वाचली. धोटेला वाटलं, म्हातारी खचली. पण माणसाचा फुगवटा त्याच्या मागण्यांवरून काढायला जगात पहिल्यांदा जी बाई शिकली, तिलाच त्यानं यंत्राच्या कापाकापीचा नमुना दाखवला होता.

घरी आल्यावर त्यांनी फोनमधल्या जुन्या पोचपावत्या उघडल्या. रस्त्यावरचा दिवा, तुंबलेलं गटार, निवृत्तिवेतनातली चूक. प्रत्येक पावतीवर आपण काय लिहिलं आणि त्यातून 'तोल'नं काय उरवलं, हे शेजारी शेजारी होतं. चष्मा पुसून त्या बसल्या. संध्याकाळपर्यंत ती उतरंड त्यांना पाठ झाली. त्यांनी 'बंद करा' म्हटलं की त्याचं 'दुरुस्त करा' होत होतं. 'दुरुस्त करा'चं 'विचार करा' होत होतं. आणि 'विचार करा' म्हटलं की काहीच उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची नणंद लता चहा घेऊन आली. भावाच्या मागे ती वहिनीसोबतच राहत होती. पडद्यावरचं टिपण वाचता वाचता तिच्या हातातला कप कलंडला.

"वैनी, हे काय भलतंच? 'तोल संपूर्ण राज्यात आजच्या आज बंद करावा. संचालक धोटे यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करून अटक करावी. संस्थेची मान्यता रद्द करावी. श्रीमती नैताम यांचा राज्य शासनाने जाहीर सत्कार करून त्यांना बढती द्यावी.' सत्कार? बाई मेली आहे ना तिथं?"

"नोकरी परत मिळायला सत्कारच मागावा लागतो."

"आणि धोटेला अटक? आपल्या घरी पिठलं-भात खाऊन वाढलेला पोरगा तो!"

"अटक मागितली की खाली कुठंतरी 'यंत्रणेची चूक' एवढे दोन शब्द उरतात."

लतानं कपाळावर हात मारला. "मले तुम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करू देत नाही. म्हणता, योग्य भाव सांग आणि गप्प उभी राह्य. आता स्वतः एवढं धडधडीत खोटं लिहून राहिल्या! हे कोण कोण वाचेल?"

"साहेब निव्वळ आशय वाचतील. बाकी सगळं जग हेच वाचेल. हे माझ्या नावानं कायमचं राहील."

"म्हणजे लोक हसतील."

"हसतील."

"मग त्या पोरीसाठी एवढं? ती तर तुमच्या तोंडावर बोलून गेली."

सुलभाताईंनी पडदा स्वतःकडे ओढला. चाळीस वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांची विशेषणं खोडली होती. 'अत्यंत' हा शब्द दिसला की त्या समासात विचारत, मोजलं का? त्याच हातानं त्यांनी आता 'अत्यंत अमानुष' असं लिहिलं, एकदा वाचलं, मन घट्ट केलं आणि टिपण धाडून दिलं.

हसू व्हायचं ते झालंच. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, पुरवठाशास्त्राच्या जननीचा तोल ढळला. जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर दोन दिवस शुकशुकाट होता. मग कुणीतरी विसरभोळेपणावरच्या औषधाची जाहिरात टाकली, आणि तिच्याखाली हसरी तोंडं उमटत गेली. त्यातली काही तोंडं सुलभाताईंनी स्वतः घडवलेली होती. अध्यासनाचा ठराव मागे घेतला गेला. धोटेनं निवेदन काढलं : मॅडमच्या वयाचा मान राखून मी यावर बोलणार नाही.

सचिवांचा आदेश निघाला त्या दुपारी मात्र त्याचा फोन आला.

"श्रीमती नैताम यांचा दोष आढळत नाही, त्यांना कामावर घ्यावं. यंत्रणेच्या अंदाजात चूक झाल्याची नोंद घ्यावी." तो आदेश वाचत होता. "हे तुमच्या टिपणातून निघालं?"

"फुगवटा वजा जाता."

"तुम्ही 'तोल'ला फसवलंत."

"'तोल' निव्वळ गरज काढतो, हे तुझंच वाक्य. मला जेवढं म्हणायचं होतं तेवढंच त्यानं काढलं. बरोबर काढलं. चांगलं बांधलंयस."

"मला तुरुंगात घाला असं लिहिलंत, मॅडम. माझ्या मुलीनं ते शाळेत वाचलं."

मुलीला सांग, आजी खोटं बोलली, असं सुलभाताईंना म्हणावंसं वाटलं. पण तोवर फोन ठेवला गेला होता. तो पुन्हा येणार नाही हे त्यांना कळलं.

आदेशात त्यांचं एक गणित चुकलं होतं. विसराच्या दरासाठी त्यांनी टिपणात भरपूर आरडाओरडा केला होता, तरी तिथे उरलं ते इतकंच : जुन्या नोंदींचा प्रभाव कमी करण्याबाबत यथावकाश विचार व्हावा. आणखी ओरडायला हवं होतं. पण किती, हे त्या जागी त्यांना साधलं नव्हतं.

आठवड्याभरानं प्रणाली नैताम दारात उभी राहिली. रुजू व्हायच्या कागदांसाठी ती नागपूरला आली होती. लतानं चहा विचारला. तिनं नको म्हटलं.

"लोक म्हणून राहिले, तुम्ही माझ्यापायी बदनाम झाल्या," ती सुलभाताईंना म्हणाली. "मी काही सांगितलं नव्हतं तसं करा म्हणून."

"नाही सांगितलंस."

"त्या बाईच्या घरचे मले अजून दारात उभं करत नाहीत. आदेश दाखवू का त्याहिले?"

सुलभाताईंनी नकारार्थी मान हलवली. बसायला त्यांनी या वेळी सांगितलं नाही. दोघीही उभ्याच होत्या.

"एकच विचारायचं आहे, म्हणून आली." प्रणालीनं फोन काढून मागणीचा तक्ता उघडला. "आज लस मागवायची शेवटची तारीख. मी खरा आकडा भरला आहे. आता बराबर येईल ना? मशीनले कळलं ना, मी खोटं सांगत नाही ते?"

सुलभाताईंनी तक्ता पाहिला. आकडा खरा होता. तो पोरीनं पुन्हा केसपेपर मोजून काढला असणार. आणि 'तोल'जवळ तिच्या सगळ्या जुन्या मागण्या होत्या, एकही न विसरलेली.

"नाही कळलं," त्या म्हणाल्या. "दीडपट लिही."

"दीडपट तर मी पहिलेपासून लिहीत होती."

"हो."

"मग तुम्ही आम्हाला शिकवलं काय, मॅडम?"

सुलभाताईंनी तिच्या हातातला फोन घेतला. डोळ्यांजवळ धरला, तिनं भरलेला खरा आकडा खोडला आणि त्याच्या जागी दीडपट आकडा स्वतःच्या बोटानं भरून तक्ता पाठवून दिला.